विजेचा फरक

अमेरिकेतल्या खेड्यात राहणाऱ्या, तिथल्या वीज सहकारी संस्थेच्या सभासदाला वर्षाअखेरीस कधी कधी एक चेक येतो. रक्कम फार मोठी नसते. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते की, अमुक वर्षी आपण जी वीज वापरलीत तिच्यापोटी हे पैसे परत. ते वर्ष पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे असते. रात्री बाळासाठी उठावे लागे म्हणून ज्या घरात तेव्हा दिवा जळत राहिला, त्या घरातले बाळ आता नोकरीला लागलेले असते आणि त्या दिव्याचा हिशेब आत्ता पुरा होतो. सभासद वारला असेल तर वारसांना हे पैसे मागता येतात. कोणी गाव सोडून गेले असेल तर संस्था नावांची यादी छापते: यांचे पैसे आमच्याकडे आहेत, ठावठिकाणा कळवा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. दिवाळीच्या तोंडावर दूध संस्थेत ‘फरक’ वाटला जातो. वर्षभर लिटरमागे दिलेला दर तात्पुरता असतो. ताळेबंद झाल्यावर हातात जे उरते ते, ज्याने जितके दूध घातले त्या मापाने, त्याच्या घरी जाते. साखर कारखान्याचा शेवटचा हप्ता याच जातीचा. दुधाचा फरक आपण जाणतो, उसाचा जाणतो. विजेचा फरक मात्र आपल्या बोलण्यात नाही. वीजबिल भरायचे असते, त्यातून काही परत येते ही कल्पनाच आपल्याकडे रुजली नाही. खरे तर ती रुजायला हवी होती, कारण नगर जिल्ह्याच्या एका मोठ्या पट्ट्यात चाळीस वर्षे वीज वाटणारी संस्था सभासदांची होती. म्हणून या फरकाच्या मागे जावेसे वाटले. तो कुठून निघाला, कुठे पोचला आणि आपल्या दारापर्यंत येऊन कसा हरवला?

त्याचे मूळ एका वाण्याच्या दुकानात सापडते. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ सालच्या २१ डिसेंबरला, टोड लेन नावाच्या गल्लीत, अठ्ठावीस जणांनी मिळून एक दुकान उघडले. बरेच जण विणकर. माणशी एक पौंड भांडवल. विकायला लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या. सहकाराच्या पहिल्या फळीवर उजेडही होता, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखे वाटते. या मंडळींनी दोन नियम केले. माणसाला एक मत, मग त्याचे भाग कितीही असोत. आणि जे उरेल ते भांडवलाच्या प्रमाणात न वाटता खरेदीच्या प्रमाणात वाटायचे. ज्याने जास्त पीठ नेले, त्याला जास्त परत. दुकानदाराचा नफा म्हणजे गिऱ्हाइकाकडून जास्त घेतलेली रक्कम; दुकान गिऱ्हाइकाचेच असेल तर ती त्याला परत मिळायला हवी, असा हा सरळ हिशेब.

पिठाच्या दुकानातला हा नियम विजेला जास्तच लागू पडतो. गावात वाण्याची दोन दुकाने चालतात; एक महाग वाटले तर माणूस दुसऱ्याकडे जातो. तारेचे तसे नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांचे खांब उभे करणे परवडत नाही, त्यामुळे तार ज्याची त्याच्याकडूनच वीज घ्यावी लागते. जिथे दुसरे दुकान असूच शकत नाही, तिथे एकुलते एक दुकान कोणाचे, हा प्रश्न पोटाचा होतो. आल्प्सच्या दऱ्यांतल्या खेड्यांनी तो लवकर ओळखला. दक्षिण टिरोलमधल्या प्राड गावाची वीज संस्था १९२६ सालची. डोंगरातल्या ओढ्यावर गावानेच पाणचक्की बसवून दिवे लावले, आणि ती संस्था आजही गावाचीच आहे. पण त्या एकेकट्या दऱ्या होत्या. विजेच्या सहकाराला देशाएवढे अंगण मिळाले ते अमेरिकेत.

त्याला एक वीजबिल निमित्त झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओ झाल्यावर ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे, कोमट पाण्याच्या झऱ्यांवर उपचारासाठी जाऊ लागले. तिथल्या छोट्या घराचे पहिले बिल आले तेव्हा युनिटचा दर अठरा सेंट निघाला. न्यूयॉर्क राज्यातल्या त्यांच्या हाइड पार्कच्या घरी ते जे देत होते त्याच्या हा साधारण चौपट. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना, ११ ऑगस्ट १९३८ रोजी, जॉर्जियातल्याच बार्न्सव्हिल इथे एका वीज सहकारी संस्थेच्या उद्‌घाटनाला त्यांनी ही हकिगत स्वतः सांगितली. गावाकडच्या विजेचा विचार त्या बिलामुळे डोक्यात शिरला, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हाची स्थिती अशी की शहरांतल्या दहा घरांपैकी नऊ घरांत वीज होती आणि शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात. कंपन्यांचा हिशेब साधा होता. शहरात मैलभर तार ओढली की शंभर गिऱ्हाइके, शेतांमधून ओढली की दोन-तीन. शेतकऱ्याला वीज हवीच असेल तर त्याने खांब-तारांचा खर्च स्वतः द्यावा, आणि तो खर्च मैलाला दोन हजार डॉलरपर्यंत जाई. मंदीच्या दिवसांत शेतकऱ्याजवळ एवढी रक्कम कुठली?

मॉरिस कुक नावाचे एक इंजिनिअर या प्रश्नाच्या मागे आधीपासून लागलेले होते. पेनसिल्व्हेनियात त्यांनी विजेची मोठी पाहणी केली होती. १९३४ साली त्यांनी सरकारला एक टिपण दिले. त्याचे वेष्टन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे केले, आणि हे बारा मिनिटांत वाचून होते असे वरच छापले, म्हणजे ते फायलींच्या ढिगात दबून जाऊ नये. ११ मे १९३५ रोजी रूझवेल्ट यांनी हुकूम काढून ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते उभे केले आणि कुक यांनाच त्याचे प्रमुख नेमले.

यानंतर जे घडले त्याचा पुढच्या सगळ्या इतिहासावर ठसा आहे. सरकारने पैसे बाजूला काढले आणि आधी खाजगी कंपन्यांनाच विचारले: कर्ज घ्या, खेड्यांत तारा न्या. कंपन्यांच्या समितीने उलट कळवले की ज्या शेतांना विजेची खरी गरज आहे त्या बहुतेकांना ती आधीच मिळालेली आहे. कर्जाचे अर्ज आले ते शेतकऱ्यांच्या संस्थांकडून. शेतकरी वीज कंपनी चालवू शकतील का, याची कुक यांनाही सुरुवातीला खात्री नव्हती. पण समोर मिसिसिपीचे उदाहरण होते. तिथल्या आल्कोर्न तालुक्याच्या लोकांनी, कॉरिंथ या गावी, १९३४ मध्येच आपली संस्था उभी करून टेनेसी खोरे प्राधिकरणाची वीज घ्यायला सुरुवात केली होती. नेब्रास्काचे सेनेटर जॉर्ज नॉरिस आणि टेक्ससचे सॅम रेबर्न यांनी कायदा लावून धरला, आणि २० मे १९३६ रोजी तो झाला. कर्ज आधी सरकारी व्याजदराने होते. १९४४ च्या दुरुस्तीने ते दोन टक्क्यांवर आले आणि फेडीची मुदत पस्तीस वर्षे झाली. हे अनुदान नव्हते. हे कर्ज होते आणि या संस्थांनी ते फेडले. पुढच्या गोष्टीत या एका मुद्द्याला फार महत्त्व आहे.

सभासद होण्याची वर्गणी बहुतेक ठिकाणी पाच डॉलर. आज ते किरकोळ वाटतात, पण तेव्हा पाच डॉलर म्हणजे गडीमाणसाची काही दिवसांची मजुरी. शेतकरीच मोडक्या गाड्यांतून दारोदार फिरून नावे गोळा करत. आडनाव माहीत, शेत माहीत, म्हणून लोक दार उघडत. तरी संशय असे. पाच डॉलर बुडतील, जमीन सरकारकडे गहाण पडेल, वीज पडून गोठा जळेल. एका माणसाने नाही म्हटले तर तार त्याच्या शेताला वळसा घालून न्यावी लागे आणि खर्च वाढे. त्यामुळे शेजाऱ्याने शेजाऱ्याला समजावणे हे कामच होऊन बसले. याच सुमारास कंपन्यांनी आणखी एक चाल खेळली. जिथे संस्था नोंदवली जाते आहे असे कळे, तिथल्या बऱ्या घरांपर्यंत रातोरात स्वतःची तार ओढायची, म्हणजे उरलेल्या विखुरलेल्या घरांवर संस्था उभीच राहू नये. लोकांनी या तारांना ‘आकसाच्या तारा’ म्हटले.

इंजिनिअरांनी आपली बाजू चोख सांभाळली. शहरातली जड, महाग बांधणी सोडून त्यांनी हलक्या आणि मजबूत तारा घेतल्या, दोन खांबांमधले अंतर वाढवले, सगळीकडे एकच नमुना ठरवला. खड्डे खणणारी एक टोळी पुढे, खांब उभे करणारी तिच्या मागे, तार ओढणारी तिच्या मागे. मैलामागचा खर्च दोन हजारांवरून हजार डॉलरच्या आत आला. बिलाचा खर्च वाचावा म्हणून अनेक संस्थांत सभासद आपला मीटर आपणच वाचत, आकडा कार्डावर लिहून टपालाने पाठवत आणि त्याबरहुकूम पैसे भरत. मीटर वाचायला माणूस ठेवला तर त्याचा पगार आपल्याच बिलात येणार, हे त्यांना ठाऊक होते.

या विजेने काय बदलले हे समजून घ्यायला रॉबर्ट कॅरो यांनी लिंडन जॉन्सन यांच्या चरित्रात टेक्ससच्या डोंगराळ भागाविषयी लिहिलेले प्रकरण वाचावे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोनशे गॅलन, म्हणजे आपले साडेसातशे लिटर पाणी लागे, आणि ते विहिरीतून शेंदून घरी वाहून आणण्याचे काम बहुतेक बायकांचे. चाळिशीतच त्यांच्या पाठीला बाक यायचा. मंगळवारी लोखंडाची जड इस्त्री चुलीवर तापवून कपड्यांवरून फिरवायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. मराठी वाचकाला यात परके काहीच वाटणार नाही. रहाट, पोहरा आणि खांद्यावरची घागर आपण आजीच्या पिढीपर्यंत पाहिलेली आहे. या भागात घरे इतकी विरळ होती की मैलाला तीन गिऱ्हाइकांची सरकारी अट पुरी होईना. तरुण खासदार जॉन्सन यांनी थेट रूझवेल्ट यांच्यापर्यंत जाऊन अट शिथिल करून घेतली. १९३८ साली पेडर्नालिस संस्थेला कर्ज मंजूर झाले: सुमारे १,८०० मैल तार आणि सुमारे २,९०० कुटुंबे. भागाकार केला तर मैलाला दोन घरेही येत नाहीत. कोणत्याही कंपनीच्या वहीत ही तार बसली नसती. सभासदत्वाचा पहिला लाभ काय, असे कोणी विचारले तर मी ही तार दाखवीन. दर, फरक, मतदान हे सगळे नंतरचे. आधी तार आली, आणि ती येण्याचे कारण एवढेच की तिच्या शेवटच्या टोकाचा माणूसही मालक होता.

खात्याने मग तंबू ठोकून गावोगाव प्रात्यक्षिके भरवली. लोक त्यांना सर्कसच म्हणत. विजेची शेगडी, दळणयंत्र, पाण्याचा पंप, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा दिवा. वीज वापरली गेली तरच कर्ज फिटणार, म्हणून ती वापरायची कशी हेही शिकवायचे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दहांतल्या नऊहून अधिक शेतांवर वीज पोचली होती. अठरा-वीस वर्षांत हे झाले.

आता पुन्हा त्या चेककडे येतो. या संस्थांना भागबाजारातून भांडवल उभारता येत नाही, कारण त्यांचे भाग विकायला नसतातच. खर्च वजा जाता वर्षाअखेर जे उरते ते लगेच वाटून टाकले तर नवे खांब कशातून उभे करायचे? म्हणून ती रक्कम प्रत्येक सभासदाच्या नावे, त्याच्या वापराच्या प्रमाणात, खात्यावर लिहून ठेवतात आणि पैसे संस्थेतच राहू देतात. त्यातून तारा बदलतात, उपकेंद्रे होतात. पंधरा-वीस-पंचवीस वर्षांनी संस्था सावरलेली असेल तर संचालक मंडळ त्या जुन्या वर्षाचे पैसे परत करते. व्याज नसते. म्हणजे आजचा सभासद उद्याच्या तारेला बिनव्याजी भांडवल पुरवतो, आणि कालच्या सभासदाने पुरवलेले भांडवल आजच्याच्या बिलातून फिटते. आजोबांच्या बिलावर नातवाचा दिवा लागतो. चेक येतो तेव्हा रक्कम पाहून कोणी श्रीमंत होत नाही. पण तार कोणाची, हे त्या कागदावर नावानिशी लिहिलेले असते. लाभांशाच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला ते मोलाचे वाटते.

आज अमेरिकेत अशा सुमारे नऊशे संस्था आहेत. देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्या तारा आहेत आणि चार कोटींहून अधिक माणसे त्यांची वीज वापरतात. मैलामागे गिऱ्हाइके अजूनही सात-आठच, मोठ्या खाजगी कंपन्यांच्या मानाने कितीतरी कमी. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने मिसिसिपीतल्या संस्थांचे हजारो खांब आडवे केले, तेव्हा इतर राज्यांतल्या संस्थांचे लाइनमन ट्रक घेऊन तिथे आले. एकाचे खांब पडले की दुसऱ्याने माणसे द्यायची हा त्यांच्यातला जुना करार आहे. अलीकडे बऱ्याच संस्थांनी त्याच खांबांवरून इंटरनेटची तार नेली. त्यासाठीही मोठ्या कंपन्यांना तिथली घरे विरळच वाटत होती.

कौतुकाबरोबर दुखणेही सांगायला हवे. दिवा नित्य लागू लागला की मालकाला मालकीचा विसर पडतो. २०१६ च्या एका पाहणीत असे दिसले की बहुसंख्य संस्थांच्या निवडणुकीत दहा टक्के सभासदही मत देत नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय सभासदांची संख्या मोठी असूनही संचालक मंडळात त्यांना दशकानुदशके जागा मिळाली नाही. ज्या पेडर्नालिस संस्थेची गोष्ट वर सांगितली, तिच्यावरच २००७ मध्ये सभासदांनी कोर्टात दावा लावला. कारभार मूठभरांच्या हाती गेला आहे आणि आमचा फरक आम्हाला दिला जात नाही, अशी तक्रार होती. त्यातून पुढे निवडणुकीचे नियम बदलले आणि सभा खुल्या झाल्या. मालकी झोपली तरी ती कागदावर जिवंत होती, म्हणून जागी करता आली.

ही रचना अमेरिकेबाहेर पडली ती १९६० च्या दशकात. तिथल्या संस्थांच्या राष्ट्रीय संघाने १९६२ साली अमेरिकी सरकारशी करार केला आणि त्यांचे इंजिनिअर, हिशेबनीस परदेशी जाऊ लागले. कोस्टा रिका, बोलिव्हिया, फिलिपिन्स; पुढे बांगलादेशात पल्ली विद्युत समित्या. आणि भारत. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले त्या सुमारास आपल्याकडे प्रयोगासाठी पाच जागा निवडल्या: आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, म्हैसूर राज्यात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा.

महाराष्ट्रात विजेच्या मालकीचा प्रश्न त्याआधीच एकदा विचारला गेला होता, आणि फार वेदनेने. १९१५ पासून टाटांची वीज खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले. जमीन त्यांची बुडत होती आणि उजेड दुसरीकडे पडत होता. विजेच्या मनोऱ्यांखालून गुरे चारणाऱ्याच्या घरात रॉकेलची चिमणी, हे चित्र पुढे कित्येक वर्षे टिकले. १९६० मध्ये वीज मंडळ आले, आणि त्याने गावे उजळली हे मान्यच करायला हवे. पण मंडळाचा माणूस गावात आला तो सरकारी माणूस म्हणून. ‘कोटेशन भरले का?’ हा प्रश्न विचारणारा.

नगर जिल्ह्यातला श्रीरामपूर-राहुरीचा, म्हणजे मुळा-प्रवरेचा, पट्टा सहकारी विजेच्या प्रयोगासाठी निवडला गेला यात नवल नव्हते. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून तिथे पूर्वीपासून खेळत होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झालेला होता. भाग घेणे, सर्वसाधारण सभेला जाणे, अहवाल हातात घेऊन चेअरमनला प्रश्न विचारणे, शेवटच्या हप्त्याची वाट पाहणे, हे सगळे त्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले. पाच डॉलरसाठी अमेरिकेत जी समजूत दारोदार घालावी लागली ती इथे आधीच झालेली होती. मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटीने १९७० च्या आसपास काम सुरू केले आणि दीडशेहून अधिक गावांत वीज वाटली. विहिरींवरच्या मोटा गेल्या, डिझेल इंजिनांचा ठोका थांबला, विजेचे पंप बसले. तार तुटली तर वायरमन आपल्या सोसायटीचा. ऑफिस नागपूर-मुंबईला नाही, श्रीरामपूरला. सुरुवातीच्या वर्षांत हा पट्टा विद्युतीकरणात राज्याच्या पुष्कळ भागांच्या पुढे होता.

मग काय चुकले? राजकारण चुकले, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येते, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. मला मात्र मूळ कारण मीटरमध्ये दिसते. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात शेतीपंपाचे बिल अश्वशक्तीवर आकारायला सुरुवात झाली. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे वर्षाला इतके रुपये. ती दोन तास चालो की वीस. शेतकऱ्याला ते सोपे गेले, आणि अडचणीच्या वर्षी आधारही वाटला असेल. पण त्याने माप गेले. दूध संस्थेत दूध न मोजता घेतले तर वर्षाअखेर फरक कशाच्या आधारावर काढणार? कोणी किती वापरली हे ठाऊक नसेल तर कोणाचे किती उरले हे कळत नाही. गळती किती, चोरी किती, वापर किती, सगळे एकाच आकड्यात मिसळते. आकडा टाकणारा आणि बिल भरणारा वहीत सारखेच दिसू लागतात.

दुसरी गोष्ट दराची. संस्था घाऊक वीज मंडळाकडून घेई, तिचा दर तिच्या हाती नव्हता. सभासदाला, विशेषतः पंपाला, ज्या दराने द्यायची तोही राज्याच्या धोरणाने ठरे. वरचा दर वाढत गेला, खालचा दाबलेला राहिला, आणि मधल्या चिमटीत संस्था. अमेरिकेतली संस्था सभासदांसमोर उभी राहून सांगू शकत होती की वीज इतक्याला पडते, तार राखायला इतके लागतात, म्हणून दर हा. इथे हे वाक्य बोलण्याचा अधिकारच कोणाकडे नव्हता. संस्था म्हणे, घाऊक दर आम्हाला परवडत नाही. मंडळ म्हणे, आमचे पैसे द्या. थकबाकी वाढत वाढत दोन हजार कोटींच्या वर गेली. सभासदाच्या नावे खात्यावर काही जमा होण्याऐवजी सगळ्यांच्या नावे मिळून देणे साचले. परवान्याची मुदत संपली तेव्हा राज्य वीज नियामक आयोगाने तो पुन्हा मुळा-प्रवरेला दिला नाही, आणि २०११ च्या सुरुवातीला तिथली वीज महावितरणकडे गेली. एका सकाळी सभासद ग्राहक झाले. दिवे तसेच लागले, म्हणून बहुतेकांना त्यात काही गेले असे वाटलेही नसेल.

मला मात्र वाईट वाटते, आणि ते संस्थेपेक्षा एका शक्यतेसाठी. आजही डीपी जळाली की गावकरी काय करतात ते पाहा. तिच्यावर जोडलेले दहा-पंधरा शेतकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टर ठरवतात, जळालेली डीपी उतरवून दुरुस्तीला नेतात, दुसरी आणून चढवतात, वायरमनच्या चहापाण्याचे पाहतात. उभा ऊस वाळत असताना वाट पाहायला वेळ नसतो. सहकाराला लागणारे सगळे काही या वर्गणीत आहे: विश्वास, हिशेब, एकमेकांची गरज. फक्त ज्या डीपीसाठी ते खिशातून पैसे घालतात ती त्यांची नसते, आणि घातलेल्या पैशाची कुठे नोंद होत नाही.

सुरुवातीच्या त्या पाच संस्थांपैकी सिरसिल्ला आणि हुक्केरी आजही उभ्या आहेत. हुक्केरी बेळगाव जिल्ह्यात, आपल्या सीमेला लागून. गडहिंग्लजहून एसटीने जाता येण्याजोगी. सिरसिल्ला आता तेलंगणात, यंत्रमागांचे गाव. तिथली संस्था ‘सेस’ या नावाने ओळखली जाते. २०२२ च्या डिसेंबरात तिच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली तेव्हा राज्यातल्या मोठ्या पक्षांनी ती विधानसभेसारखी लढवली. पक्षांची ही गर्दी संस्थेला जड होऊ शकते हे खरे. पण वीज कोण वाटणार यासाठी गावोगावचे लोक रांग लावून मत देतात, हे दृश्य आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी दिसते. २००३ च्या वीज कायद्यानेही सहकारी संस्थांनी गावपातळीवर वितरण सांभाळण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्या वाटेवर चालणारे अजून थोडेच.

एक नवी पाऊलवाट मात्र गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात पडली आहे. २०१६ साली तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. दिवसा पंप चालवायचा, आणि पाणी पुरे झाले की पत्र्यांवर तयार होणारी वीज वितरण कंपनीला विकायची. त्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क पंचवीस वर्षांसाठी सोडला आणि बदल्यात तेवढ्याच वर्षांचा खरेदीचा करार घेतला, युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने. पंप उगाच चालू ठेवला तर आता पाण्याबरोबर पैसाही वाहून जातो, त्यामुळे शेतकरी तो वेळेवर बंद करतो. प्रत्येकाच्या शेतावर मीटर, आणि सगळ्यांची वीज जिथे एकत्र होते तिथे मंडळीचा मीटर. वरच्या मीटरचे पैसे मंडळीत येतात आणि खालच्या मीटरच्या आकड्याप्रमाणे वाटले जातात.

अमूलची मूळ दूध मंडळी १९४६ साली याच खेडा जिल्ह्यात निघाली. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घालायचे, चिठ्ठी घ्यायची आणि वर्षाअखेर फरकाची वाट पाहायची, हे तिथल्या घरांत तीन पिढ्यांपासून चालत आले आहे. दुपारचे ऊनही तसेच मोजून घालायचे, एवढीच नवी गोष्ट ढुंडीच्या शेतकऱ्यांना शिकावी लागली.